स्वतंत्र संपादक आणि छोटा प्रकाशक : पहिल्या पुस्तकाबाबत मार्गदर्शन हवे आहे

शिवसागरकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या माहेरचे मूळ गाव पाटण तालुक्यात होते आणि कोयना धरणाच्या पाण्याखाली ते गेले. त्या गावातून उठलेल्या तेवीस माणसांशी गेली सहा वर्षे मी बोलत राहिले, ते बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांच्या आठवणी लिहून काढल्या. आता सुमारे ६२,००० शब्दांची संहिता तयार आहे. हे माझे पहिलेच पुस्तक असल्यामुळे या क्षेत्रातील रीत मला ठाऊक नाही.

संहिता मी एका स्वतंत्र संपादकांकडे दिली आणि पहिली दोन प्रकरणे तपासून परत आली. निवेदनातील त्यांच्या सुधारणा मला मनापासून पटल्या, कारण एकच गोष्ट मी तीन-तीन वेळा सांगत होते हे मला दिसलेच नव्हते. परंतु माणसांच्या तोंडची वाक्येही त्यांनी प्रमाण मराठीत आणली आहेत. एक आजी मला म्हणाल्या होत्या, “आमास्नी कुनी इचारलंच न्हाई. पानी आलं तवा कळलं.” ते आता “आम्हाला कोणी विचारलेच नाही. पाणी आले तेव्हा समजले.” असे झाले आहे. मी विचारले तेव्हा त्यांनी शुद्धलेखनाच्या नियमांकडे बोट दाखवले. त्या आजी आता हयात नाहीत, आणि त्यांचे हे वाक्य बदललेले मला पाहवत नाही.

दरम्यान एका छोट्या प्रकाशकांनी होकार कळवला आहे. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, त्यांपैकी २०० प्रती मी ४० टक्के सवलतीने विकत घ्यायच्या, मानधन दहा टक्के, आणि “सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील” अशी ओळ असलेले एका पानाचे सहमतीपत्र. संपादन आमच्याकडेच करून घ्या, बाहेर वेगळा खर्च कशाला, असेही ते म्हणतात. मी संपादकांचे काम पुढे चालू ठेवावे का, बोलीबाबत माझा आग्रह चुकीचा आहे का, आणि या सहमतीपत्रावर सही करावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुद्रितवाचक यांचा प्रतिसाद

ताई, मी अठरा वर्षे स्वतंत्रपणे संपादनाचे काम करतो, म्हणून आधी बोलीविषयी लिहितो. आपला आग्रह मुळीच चुकीचा नाही, आणि नियमही आपल्याच बाजूचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्याच नियमांत दिलेली आहे. नियम निवेदनाच्या भाषेसाठी आहेत. आपल्या पुस्तकात तर बोलणारी माणसे खरी आहेत आणि त्यांचे शब्द हाच आपला पुरावा आहे. “इचारलंच न्हाई” या शब्दांतून ती बाई कुठली, कोणत्या पिढीतली आणि कोणाविषयी बोलते आहे हे ऐकू येते. “विचारलेच नाही” या शब्दांतून फक्त माहिती पोहोचते.

तरीही संपादकांना एकदम दूर करू नका, अशी माझी विनंती आहे. पुनरावृत्ती नेमकी हेरणारा संपादक सहज मिळत नाही. बोलीच्या मजकुरातही त्यांना खरे काम आहे. एकच माणूस एका पानावर “न्हाई” आणि दुसऱ्या पानावर “नाय” म्हणत असेल, तर तो तसाच बोलला की आपल्या टिपणात फरक पडला, हे ध्वनिमुद्रणाशी ताडून ठरवावे लागते. त्यांच्यासोबत बसून एक निर्णयपत्रक करा. निवेदनात ‘असे’ की ‘असं’, ‘धरणग्रस्त’ की ‘प्रकल्पग्रस्त’, गावांची नावे बोलीतली की सरकारी कागदांवरची, कोणत्या शब्दांना तळटीप द्यायची, हे सगळे त्यात एकदा लिहून ठेवले की पुढच्या प्रत्येक प्रकरणात तोच वाद उभा राहत नाही. त्या पत्रकाची पहिली ओळ अशी असू द्या : अवतरणचिन्हांतील मजकूर लेखिकेला विचारल्याशिवाय बदलू नये.

वाद बहुधा कामाचे स्वरूप न ठरवल्यामुळे झाला असावा. आपण ज्याला सरसकट संपादन म्हणतो त्यात तीन निरनिराळी कामे असतात. पुस्तकाची रचना, प्रकरणांचा क्रम, वगळण्याचा आणि वाढवण्याचा मजकूर हे आशयाचे संपादन. वाक्यरचना आणि शब्दयोजना हे भाषेचे संपादन. पाने लागल्यानंतर चुका काढणे हे मुद्रितशोधन. आपल्या पुस्तकाला पहिल्याची गरज सर्वांत अधिक असणार. तेवीस माणसांच्या आठवणीत काळाची सरमिसळ होतेच. कोयनेच्या भूकंपानंतर आम्ही गाव सोडले असे एकाने सांगितले असेल आणि त्याच वाडीतील दुसऱ्याने पाणी त्याआधीच शिरल्याचे सांगितले असेल, तर भूकंपाची ११ डिसेंबर १९६७ ही तारीख पक्की धरून बाकीच्या घटना तिच्या अलीकडे-पलीकडे लावून पाहणे हे संपादकाचे काम आहे. माणसाचे म्हणणे मात्र तसेच ठेवावे. विसंगती टिपेत सांगता येते.

‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यामुळे मराठीत संपादक म्हणजे काय याची एक कल्पना रुजली. लेखकाशी सविस्तर बोलून, पत्रे लिहून, त्याच्याकडूनच पुनर्लेखन करून घ्यायचे ही त्यांची पद्धत होती. आजचा स्वतंत्र संपादक शब्दांच्या हिशेबाने मेहनताना घेतो, त्यामुळे तेवढा वेळ प्रत्येक पानाला देता येत नाही. पण प्रत्येक बदल खुणेसह दिसावा आणि स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार लेखकाकडे असावा, एवढी अपेक्षा आपण निश्चित ठेवू शकता. हे, कामाचे हप्ते, किती फेऱ्या होतील आणि संहितेवर संपादकाचा कोणताही स्वामित्वहक्क राहणार नाही, इतके मुद्दे एका ईमेलमध्ये लिहून त्यांची संमती घ्या. नव्याने संपादक शोधण्याची वेळ आलीच, तर आधी दहा पाने नमुन्यादाखल तपासून घ्या, आणि ती दहा पाने बोलीने भरलेलीच निवडा.

सोळापानी यांचा प्रतिसाद

मी एक छोटा प्रकाशक आहे, वर्षाला सात-आठ पुस्तके काढतो. लेखकाने प्रती विकत घेण्याची अट ऐकून पुष्कळांना राग येतो, परंतु त्यामागचा हिशेब सांगणे मला आवश्यक वाटते. ६२,००० शब्द म्हणजे डेमी आकारात, पानाला २५० शब्द धरले तर, जवळजवळ २५० पाने होतात; प्रस्तावना, श्रेयपान वगैरे धरून सोळा पानांचे सोळा फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गट म्हणजे फॉर्म), म्हणजे २५६ पाने. आवृत्ती ५०० प्रतींचीच असली तरी अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि मांडणी यांचा खर्च तेवढाच राहतो. माझ्याकडे छापील किमतीचा जवळपास निम्मा भाग वितरक आणि विक्रेते यांच्याकडे जातो, आणि ग्रंथालयांकडून पैसे येण्यास अनेकदा वर्ष लोटते. म्हणून २०० प्रतींची अट म्हणजे फसवणूक असे मी म्हणणार नाही. ती लेखिकेने उचललेली भांडवलाची जोखीम आहे, आणि जोखीम उचलणाऱ्याला त्या प्रमाणात अधिकार मिळाले पाहिजेत. जोखीम आपली आणि सर्व हक्क त्यांचे, या अटीवर मी स्वतः कधीही सही केली नसती.

दहा टक्के कशाचे, हे विचारा. पुस्तकाची किंमत ४०० रुपये असेल तर छापील किमतीवर प्रतीमागे ४० रुपये होतात. प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या निव्वळ रकमेवर असेल आणि ती निम्मी असेल, तर २० रुपये. आपण विकत घेतलेल्या २०० प्रतींवर मानधन आहे की नाही, हेही लिहून घ्या.

कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम १९ एकदा वाचून जा. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर हे नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी द्या. अनुवाद, ध्वनिपुस्तक, ईपुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवा. कलम ५७ प्रमाणे, हक्क दिल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड कोणी केली तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. तरीसुद्धा “अंतिम मजकूर लेखिकेच्या लेखी संमतीनेच छापला जाईल” ही ओळ करारात असू द्या.

आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आम्ही मिळवून देऊ असे सांगून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो, आणि त्याचा स्वामित्वहक्काशी काही संबंध नाही. त्याऐवजी, १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय यांसह चार ग्रंथालयांना प्रती पाठवणार का, हे प्रकाशकांना आवर्जून विचारा. प्रकाशनानंतर तीस दिवसांत त्या पाठवायच्या असतात. बुडालेल्या गावावरचे पुस्तक तिथे असलेच पाहिजे, असे मला फार वाटते.

दुसरी_आवृत्ती यांचा प्रतिसाद

माझा अनुभव थोडक्यात सांगते. माझ्या पुस्तकाची पहिली आवृत्ती तीन वर्षांत संपली. प्रकाशकांनी पुनर्मुद्रण केले नाही आणि दुसरीकडे देण्यास परवानगीही दिली नाही. सहमतीपत्रात मुदतीचा उल्लेख नव्हता, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने पाच वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहिली आणि मग पुस्तक मोकळे झाले. आवृत्ती संपल्यावर अमुक महिन्यांत पुनर्मुद्रण न केल्यास हक्क लेखकाकडे परत येतील, हे कलम कृपया घालून घ्या.

दुसरी गोष्ट अंतिम फाइलची. माझ्याकडे होती ती मुद्रितशोधनाआधीची संहिता. छापलेला मजकूर अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता. तो युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणताना रफार सरकले आणि ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतला ‘ऱ्य’ तुटला. संपूर्ण पुस्तक पुन्हा अक्षर न् अक्षर तपासावे लागले. आपल्या पुस्तकात बोलीतील शब्द असल्यामुळे तिथे काय चूक आणि काय मूळचे हे परक्या माणसाला ओळखता येणार नाही. अंतिम पाने स्वतः वाचा, आणि छापून झाल्यावर युनिकोडमधील फाइल मागून घ्या.

शिवसागरकाठ यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. संपादकांशी आज दीड तास बोलणे झाले. मी त्यांना आजींचे ध्वनिमुद्रण ऐकवले. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःच ते वाक्य पूर्ववत केले आणि विचारले, की “तवा” आणि “कळलं” यांच्यामध्ये त्या क्षणभर थांबल्या आहेत, तो थांबा कसा दाखवायचा. माझ्या ते कधी लक्षातच आले नव्हते. निर्णयपत्रकाचे काम आम्ही रविवारी करणार आहोत.

प्रकाशकांना मी पाच वर्षांची मुदत, केवळ छापील आवृत्तीचे हक्क, पुनर्मुद्रणाचे कलम आणि युनिकोड फाइल असे चार मुद्दे लिहून पाठवले आहेत. २०० प्रती घेण्यास माझी तयारी आहे, कारण गावची माणसे आज ज्या वसाहतींत राहतात तिथे प्रत्येक घरी एक प्रत मला स्वतः नेऊन द्यायची आहे. त्यांचे उत्तर आले की येथे कळवीन.