हद्दवाढीनंतर दाद कोणाकडे मागायची? (अनुभव धागा)

सप्टेंबर 2020 मध्ये सातारा नगरपालिकेची हद्द वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द, शाहूनगर असे भाग कागदोपत्री शहरात आले. विकास झाला की नाही, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. येथे तो वाद नको. आपले गाऱ्हाणे घेऊन आपण पूर्वी कोणाच्या दारात जात होतो आणि आता कोणाच्या जातो, एवढ्याच प्रश्नावर प्रत्येकाने स्वतःचा अनुभव लिहावा. साताऱ्याबाहेरच्यांनीही लिहावे.

सुरुवात मी करतो. शाहूपुरीत आम्ही घर बांधले तेव्हा ग्रामपंचायत होती. झेंडावंदन आटोपले की जाजम अंथरले जाई आणि ग्रामसभा सुरू होई. दर सभेला कोरम भरत असे, असे मी म्हणणार नाही; पण आमच्या गल्लीतल्या एका आजींनी दिव्याच्या खांबाचा विषय लागोपाठ तीन सभांत काढला आणि प्रत्येक वेळी 'माझं नाव घालून लिहा' असे बजावून, इतिवृत्तात तो लिहिला गेल्याची खात्री केल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. चौथ्या सभेआधी खांब उभा राहिला. हद्दवाढीबरोबर ग्रामसभा गेली. तिच्या जागी शहरातल्या प्रभाग समितीकडे जावे म्हटले, तर राज्यघटनेने अशा समित्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक केल्या आहेत आणि 2011 च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत होती. त्यात डिसेंबर 2021 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, त्यामुळे पालिकेसाठी पहिले मत द्यायला आम्हाला डिसेंबर 2025 उजाडले. तोवर आम्ही घरपट्टी भरणारे होतो, मतदार नव्हतो.

शाहूनगरच्या एक शिक्षिका

तुमच्याकडून निदान ग्रामसभा गेली. आमच्याकडे ती कधी नव्हतीच. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या आमच्या वस्तीला सगळे 'त्रिशंकू भाग' म्हणत, कारण आम्ही ना पालिकेत होतो, ना कोणत्या ग्रामपंचायतीत. कचरा उचलण्यासाठी आमच्या कॉलनीने दरमहा वर्गणी काढून एक टेम्पो ठरवला होता; पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर मुरूम टाकायचा तोही वर्गणीतूनच. त्या हिशेबाची वही सात वर्षे माझ्याकडे होती. कोणी दोन महिने पैसे थकवले तर त्याचा कचरा थांबवायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला शेवटपर्यंत सापडले नाही, कारण थांबवला तर तो आमच्याच कोपऱ्यावर येऊन पडे. पहिल्यांदा घंटागाडी आली त्या दिवशी मी वही मिटली. कर वाढला याची तक्रार मी करणार नाही. वर्गणी मागत दारोदार फिरणे ज्याने केले आहे, त्यालाच कर म्हणजे काय ते कळते.

विलासपूरहून

आमचे काही बिघडले नाही. पत्ता तोच, पाण्याची वेळ तीच.

एक निवृत्त ग्रामसेवक

मी दप्तर सुपूर्द करणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. गाव सांगत नाही. पंचायत शहरात विलीन होते तेव्हा सर्वांत महत्त्वाची वस्तू असते ती नमुना नंबर 8, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. आमच्या वहीच्या समासात मी पेन्सिलीने टिपणे करीत असे: 'चिंचेपासून तिसरे', 'मुलगा पुण्यात, शनिवारी भेटतो', 'भाऊ वेगळे झाले, वारस नोंद बाकी'. नव्या मोजणीत घरांना क्रमांक मिळाले आणि या टिपणांचा उपयोग संपला. परंतु 'वारस नोंद बाकी' लिहिलेली घरे तशीच मयतांच्या नावाने पुढे गेली. ती नोंद वेळेवर करून घेणे माझे काम होते आणि लोक रोज भेटतात, पुढच्या महिन्यात करू, या भरवशावर मी ते लांबवले. आता त्या घरांतली माणसे मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे असे एकेक कागद जमवीत फिरतात आणि वाटेत भेटली तर मलाच नमस्कार करतात. ओळखीवर चालणाऱ्या कारभाराचे आपण फार कौतुक करतो. त्याची ही दुसरी बाजू आहे.

कुपवाडहून एक वाचक

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका फेब्रुवारी 1998 मध्ये झाली. वडिलांनी त्याआधीच दीड गुंठा जागा घेतली होती. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट; नोकरदाराला परवडणारे तेवढेच. विकणाऱ्याने हाताने काढलेल्या नकाशात वीस फुटी रस्ता दाखवला होता आणि पुढे त्याच रस्त्याचे दोन तुकडे करून तेही विकले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने आमचे घर विकास शुल्क भरून नियमित होऊ शकले, मात्र रस्ता दहा फुटांचाच राहिला, कारण दोन्ही तुकड्यांवर आमच्यासारख्यांचीच घरे उभी आहेत. वडील आजारी पडले तेव्हा रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून न्यावे लागले. खुर्ची उचलणाऱ्यांत त्या तुकड्यांवर राहणारे दोघेही होते. दाद मागायची तर कोणाविरुद्ध?

पुन्हा धागाकर्ता

कुपवाडच्या वाचकांना उत्तर नाही. शाहूपुरीचे एक सांगायचे राहिले. 26 जानेवारी 2021 रोजी झेंडावंदनानंतर आम्ही सात-आठ जण सवयीने तिथेच रेंगाळलो. जाजम नव्हते. पाणी पहाटे सोडावे की सहानंतर, यावर अर्धा तास बोलणे झाले. मग आजींनी विचारले, 'लिहून कोण घेतंय?'