सल्ला हवा: कार्ताहेना (कोलंबिया), समुद्राजवळचं चांगलं हॉटेल, आईबाबा सोबत, ५ रात्री

अमृता_टँपा
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मायामीहून कार्ताहेनाला जातोय. आम्ही दोघं (ग्रीन कार्ड) आणि सांगलीहून आलेले आईबाबा (भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा). दोन खोल्या. बजेट एका खोलीला रात्रीचे १८० डॉलर, ताणून २००. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवीच. बाबा मुंबई बंदरातून निवृत्त झालेत, त्यांना खिडकीतून पाणी दिसायला हवं. सगळे शाकाहारी, आणि त्याच आठवड्यात आईची संकष्टी येते. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतलं जुनं हॉटेल घ्यावं की बाहेर किनाऱ्यावरच्या बोकाग्रांदे भागातलं टॉवर हॉटेल?

रेवदंडेकर
सांता क्लारा. दुसरा विचार नको. १६२१ चा मठ आहे, १९९५ पासून हॉटेल. सान दिएगो भागात, तटबंदीला लागून. खोल्यांचे दोन भाग आहेत, ते समजून घ्या. जुना, वसाहतकालीन भाग पहिल्या अंगणाभोवती: उंच छत, लाकडी तुळया, पण उजेड कमी आणि खिडक्या अंगणाकडे. दुसरा, मागचा भाग पोहण्याच्या तलावाकडचा: खोल्या साध्या, पण बाल्कनी आणि उजेड आहे. तुम्ही मागच्या भागातली, वरच्या मजल्यावरची मागा. मठाच्या जुन्या गायनकक्षात आता बार आहे आणि तिथूनच जुन्या तळघराकडे पायऱ्या उतरतात. एकदाच जाणार आहात, पैशाकडे बघू नका.

हिशेबनीस
सांता क्लारा साडेतीनशे डॉलरच्या खाली क्वचित मिळतं आणि जानेवारी हा कोरडा, गर्दीचा हंगाम. धागाकर्तीने १८० लिहिलंय.

कुठेही राहा, पण बिल वाचायला शिका. कोलंबियात खोलीभाड्यावर १९% कर आहे. तिथे न राहणाऱ्या परदेशी पर्यटकाला तो माफ आहे, पण आपोआप नाही: चेक-इनच्या वेळी पासपोर्ट आणि प्रवेशाचा शिक्का दाखवायचा, हॉटेल त्याची प्रत ठेवतं. म्हणून विमानतळावर शिक्का नीट उमटलाय का ते काउंटर सोडण्याआधीच बघा. चारही पासपोर्ट न्या. दुसरं, बिलात ‘सेगुरो ओतेलेरो’ नावाची छोटी रोजची रक्कम असते. हा विमा ऐच्छिक आहे, नको म्हणा, काढतात. तिसरं, कार्ड मशीन ‘डॉलर की पेसो’ विचारतं तेव्हा पेसो. डॉलर दाबलं की विनिमयाचा दर मशीनवाला ठरवतो. हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये ८% उपभोग कर वेगळा आणि १०% टिप ऐच्छिक. बिल करण्याआधी टिप धरू का असं विचारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मिलिंद_ह्यूस्टन
सांता क्लाराचं कौतुक नेहमीचंच. आम्ही सांता तेरेसाला राहिलो, तोही जुना मठ, पण त्याचा तलाव गच्चीवर आहे. तिथून एका बाजूला घुमट आणि एका बाजूला समुद्र. सांता क्लारात तलाव अंगणात, समुद्र बघायला उठून जावं लागतं. बाबांना पाणी बघायचंय ना? मग सांता तेरेसा.

रेवदंडेकर
गच्चीवरून समुद्र दिसतो, खोलीतून किती दिसतो ते विचारा. तटबंदीच्या आतल्या कुठल्याही हॉटेलात ‘सी व्ह्यू’ म्हणजे आधी तटाची भिंत, मग सांतांदेर रस्त्यावरची वाहतूक, आणि मग पाणी. समुद्र पायाशी नाही.

मिलिंद_ह्यूस्टन
चौथ्या मजल्यावरून भिंतीपलीकडचं दिसतं.

अमृता_टँपा
दोन्हींच्या किमती पाहिल्या. २०० मध्ये काही येत नाही :( मधला पर्याय आहे का?

इरा_बॉस्टन
हेत्सेमानी भागात बघा! तटबंदीपासून चालत दहा मिनिटं, भिंतीवरची चित्रं, त्रिनिदाद चौकात संध्याकाळी गाडीवर मक्याच्या आरेपा. सुंदर बुटीक हॉटेलं १३०-१५० मध्ये. तरुणाई तिथेच असते.

सुलभाताई_नेवार्क
इरा, आईंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. ही ‘बुटीक’ म्हणजे जुने वाडे. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही, चढ उभा आणि पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. संकेतस्थळावर ‘लिफ्ट’ची खूण असली तरी ती फक्त रिसेप्शन ते पहिला मजला असू शकते, गच्ची आणि तलावाला पुढे दोन जिने. हॉटेलला ईमेल करून विचारा: लिफ्ट माझ्या खोलीच्या मजल्यावर थांबते का, नाश्त्याच्या जागेपर्यंत जाते का, शॉवरला उंबरा आहे का. लिफ्टला स्पॅनिश शब्द ‘आसेन्सोर’. लेखी उत्तर घ्या.

आणि त्रिनिदाद चौकाजवळची खोली म्हणजे मध्यरात्रीनंतरही गाणी. तटबंदीच्या आत तोच त्रास शनिवारी होतो, कारण लग्नं. जुन्या मठांच्या अंगणात लग्नं लागतात, बँड असतो. ईमेलमध्ये एक ओळ टाका: ‘आय बोदा एल साबादो?’ म्हणजे शनिवारी लग्न आहे का. असेल तर अंगणाकडची खोली नको.

बल्लाळ
ओल! जुन्या दगडी हॉटेलांतली ओल कुणीच लिहिली नाही. एका नावाजलेल्या जुन्या हॉटेलात पहिल्याच रात्री कपाटातल्या कपड्यांना वास लागला. दगडी भिंत जाड, खिडकी फक्त अंगणात, एसी १८ वर. दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर पाणी धरते आणि आठवड्याभरात बुरशी. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी कपाट उघडून वास घ्या, पलंगामागची भिंत हाताने बघा. ओली असेल तर तिथल्या तिथे खोली बदलून मागा, दुसऱ्या दिवशी नाही. एसी २४-२५ वर ठेवा. कॅमेरा बाहेर काढताना पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या, नाहीतर भिंग धुकटतं.

शिडाचं जहाज
बोकाग्रांदेबद्दल इथे कुणी नीट लिहीत नाही म्हणून लिहितो. ती एक चिंचोळी जिभेसारखी जागा आहे. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, पूर्वेला बंदराची खाडी. विमानतळापासून ही जागा तटबंदीच्या आणखी थोडी पुढे. टॅक्सीला मीटर नसतो, भागानुसार ठरलेले दर असतात. विमानतळावर दराची चिठ्ठी घ्या, शहरात बसण्याआधी रक्कम ठरवा.

इथली वाळू करडी आणि पाणी गढूळ असतं. घाण नाही, गाळ आहे: मागदालेना नदीचा गाळ दीके कालव्यातून इकडे येतो. निळं पाणी रोसारिओ बेटांकडे. किनाऱ्यावर मालिशवाल्या आणि टोप्या विकणारे सतत येतात. ‘नो, ग्रासियास’ म्हणून चालत राहा, ‘फुकट नमुना’ म्हणून खांद्यावर हात ठेवू देऊ नका, मागून पैसे मागतात. पण टॉवर हॉटेलं नवी आहेत, लिफ्ट मोठ्या, काचा दुहेरी, आणि १५०-१८० मध्ये चांगली खोली मिळते. समुद्राकडची, पंधराव्या मजल्याच्या वरची घ्या. सूर्यास्त सहाच्या आसपास, थेट समोर. दुपारी दोननंतर ऊन काचेवर येतं, तेव्हा पडदे ओढून ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतीला काही रस्त्यांवर पाणी चढतं. जानेवारीत तो प्रश्न नाही, तेव्हा वारा असतो.

मिलिंद_ह्यूस्टन
बोकाग्रांदे म्हणजे मायामीची नक्कल. टँपाहून जाऊन पुन्हा काचेचे टॉवरच बघायचे?

रेवदंडेकर
मिलिंदला अनुमोदन. तटबंदीचं गाव १९८४ पासून जागतिक वारसा आहे, राहायचं तर आत.

नीलेश_पुणे
पिवळ्या तापाची लस!! कोलंबियाहून भारतात येताना दाखला नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात. सगळ्यांनी घ्या.

सुलभाताई_नेवार्क
नीलेश, अर्धं बरोबर. कोलंबिया सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतो. आईबाबा परत टँपाला येऊन आठवड्यापेक्षा जास्त राहणार असतील तर भारताचा नियम लागत नाही. आणि साठी ओलांडलेल्यांना ही लस पहिल्यांदाच देताना गंभीर दुष्परिणामाचा धोका जास्त असतो. ‘सगळ्यांनी घ्या’ असं धाग्यावर सांगू नका, डॉक्टर ठरवतील.

हिशेबनीस
व्हिसा: अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण व्हिसावर कोलंबियात शिरताना किमान १८० दिवस शिल्लक हवेत. आईबाबांची तारीख आजच बघा. ‘चेक-मिग’ हा कोलंबियाच्या इमिग्रेशनचा मोफत ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधी ७२ तासांपासून भरता येतो, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. परत येताना आईबाबांना अमेरिकेच्या इमिग्रेशनसमोर नव्याने उभं राहावं लागेल, तेव्हा भारताचं परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा.

अमृता_टँपा
व्हिसा २०३१ पर्यंत आहे. आईबाबा मार्चअखेर भारतात जातील, म्हणजे लसीचा नियम नाही. धन्यवाद! जेवणाचं काय?

इरा_बॉस्टन
नारळाचा भात (आरोस कोन कोको), पाताकोन म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप, चीजची आरेपा, नारळाचं लिंबू सरबत. ‘आरेपा दे उएवो’मध्ये अंडं असतं.

बल्लाळ
फक्त ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणू नका. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस, कोंबडी चालेल असं समजतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन सेर्दो’ (मांस, कोंबडी, मासे, डुक्कर नको) असं पूर्ण म्हणा. राजम्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये डुकराचं मांस असतं, साध्या भातात कोंबडीचा ‘काल्दो’ म्हणजे रस्सा असू शकतो, तोही विचारा.

सुलभाताई_नेवार्क
संकष्टीला सोपं आहे. युका मिळतो, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. उकडून मीठ लावून मागायचा: ‘युका कोसिदा’. तळलेला नको, तेलात मासे तळलेले असतात. ‘निस्पेरो’ म्हणून विकतात तो आपला चिकू. पोर्ताल दे लोस दुल्सेसच्या कमानींखाली चिंचेच्या गोळ्या आणि नारळाच्या वड्या मिळतात, कोकादा म्हणतात.

रेवदंडेकर
एनयुकादो पण: युका किसून नारळ, चीज घालून भाजलेला केक. उपासाला उत्तम.

बल्लाळ
त्यात बडीशेपेच्या जातीचे दाणे असतात. बडीशेप उपासाला चालत नाही.

रेवदंडेकर
आमच्याकडे चालते.

सुलभाताई_नेवार्क
चीजला कुठलं रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य, प्राणिजही असतं) लावलंय तेही माहीत नसतं. उकडलेला युका आणि फळं, बास.

नीलेश_पुणे
अवांतर: भारतातला साबुदाणा सेलमचा असतो.

शिडाचं जहाज
मूळ विषयाकडे. रोसारिओ बेटांना जाणार असाल तर: बोटी ला बोदेगिता धक्क्यावरून सकाळी आठ-नऊला सुटतात, तासभर लागतो. धक्क्याचा कर तिकिटाबाहेर, रोख. जानेवारीत दुपारी वारा चढतो आणि परतताना उघडी स्पीडबोट लाटांवर आपटते. पुढचा भाग जास्त आपटतो, म्हणून सगळ्यात मागच्या बाकावर बसा. दुखऱ्या गुडघ्यांना आणि कमरेला मी ही बोट सुचवणार नाही. कॅटमरान हळू जाते पण स्थिर असते, आणि चढताना फळी आहे की उडी मारावी लागते ते आधी विचारा.

अमृता_टँपा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं. बोकाग्रांदेतलं टॉवर हॉटेल, १६५ डॉलर, नाश्त्यासह, पण समुद्राकडची नाही, खाडीकडची खोली घेतली. हॉटेलने लेखी कळवलंय: लिफ्ट सगळीकडे, शॉवरला उंबरा नाही. तटबंदीत रोज सकाळी टॅक्सीने जाऊ आणि ऊन चढायच्या आत परत येऊ.

मिलिंद_ह्यूस्टन
बोकाग्रांदे घेतलंत आणि समुद्राकडे पाठ? खाडीकडे काय आहे?

रेवदंडेकर
तेच म्हणतो. सूर्यास्त गेला.

शिडाचं जहाज
मीही समुद्राकडची म्हटलं होतं.

अमृता_टँपा
खाडीकडे मांगा बेटावरचा कंटेनर धक्का आहे. बाबा दिवसभर क्रेन आणि जहाजं बघत बसतील. आणि खोली पूर्वेकडे म्हणजे आईला संकष्टीचा चंद्रोदय खोलीतूनच मिळेल, गच्चीवर जायला नको.

शिडाचं जहाज
मग बाबांना सांगा: मोठी जहाजं खाडीत बोकाचिकाच्या वाटेने शिरतात, तुमच्या हॉटेलाजवळच्या तोंडातून नाही. त्या तोंडावर स्पेनने अठराव्या शतकात पाण्याखाली दगडी बांध घातला, तो अजून आहे. कोलंबियाच्या नौदलाचं शिडाचं प्रशिक्षण जहाज ‘ग्लोरिया’ बंदरात असेल तर तेही दिसेल, आपल्या ‘तरंगिणी’सारखं. दुर्बीण न्या.

सुलभाताई_नेवार्क
चंद्रोदयाची वेळ कार्ताहेनाची काढा, पंचांगातली सांगलीची नको. आणि मजला वरचा मागून घ्या, समोर ला पोपाची टेकडी आहे.