मिस्त्रीने वाढवून सांगितलेले पैसे
बाथरूमच्या टाइल्सचे ४२ हजार ठरले असताना मिस्त्री आणखी ११ हजार मागतोय, उरलेला हप्ता अडवू का, असं तुम्ही विचारलंय. लगेच अडवू नका, आधी मोजा. घोडबंदर रोडच्या आमच्या घरी हेच झालं होतं. मिस्त्रीला बोलावलं, चहा दिला आणि टेप त्याच्याच हातात दिली. भिंती स्क्वेअर फुटात, कडेच्या पट्ट्या रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर. खिडकीची जागा त्याने वजाच केली नव्हती, ते त्याच्याच तोंडून निघालं.

पण जुन्या टाइल्स फोडून डेब्रिज खाली नेण्याचं आम्हीही आधी बोललो नव्हतो. लिफ्ट सोसायटीने वापरू दिली नाही, दोन पोरांनी पाचव्या मजल्यावरून गोण्या पाठीवर उतरवल्या. ते पैसे त्यांच्या कष्टाचे, मी ते पूर्ण दिले. बाकीचे त्याने सोडले.

रक्कम यूपीआयने द्या, ‘हिशोब पूर्ण’ असा त्याचा मेसेज घ्या. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं. कामाचे फोटो आजच काढून ठेवा.