विषय: सावकारावर भडंग फेकायला माझा विरोध आहे

माई (कपडेपट):
आपल्या मेलोड्रामात खलनायक सावकार आला की प्रेक्षकांनी त्याच्यावर भडंग फेकायचं, असं कालच्या कॉलवर ठरलं, ते मला मान्य नाही. सावकाराचा काळा कोट माझ्या सासऱ्यांचा आहे. भडंगाला तेल, तिखट, लसूण. एक मूठ बसली की कोटाची वाट. तिखट डोळ्यांत गेलं तर पुढचा प्रवेश कोण करणार? इथे अमेरिकेत अशा नाटकांत खलनायकावर पॉपकॉर्न फेकतात, ते कोरडं असतं. साधे चुरमुरे घ्या. बापू उद्या ऑर्डर देतोय, म्हणून आजच सांगा.

बापू (सांगलीहून):
माई, ऑर्डर थांबवली. पण काल अंगणात चुरमुरे फेकून बघितले, चार हातांपलीकडे जात नाहीत. तिसऱ्या रांगेतून फेकले की दुसऱ्या रांगेतल्या आजीच्या केसांत अडकतात. भडंगात शेंगदाणे असतात, म्हणून ते स्टेजपर्यंत पोचतं.

नाना:
मुळात अन्न फेकायचंच कशाला? सांगलीत प्रयोग करतोय याचं भान ठेवा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' याच गावात केलं. त्या काळच्या खेळांत राक्षस आला की मशालीवर राळ उडायची आणि तो आरोळी ठोकत यायचा. त्यावरून लोक त्या नाटकांना 'अलल्लडुर्र' म्हणायचे. आपला सावकार आला की सूत्रधाराने पाटी धरावी आणि अख्ख्या थिएटरने 'अलल्लडुर्र' ओरडावं. अमेरिकेतल्यासारखं खलनायकाला 'बू' म्हणायला आपल्या माणसांची जीभ वळत नाही. गेल्या वर्षी गणपतीत बघितलंच की.

सुनंदावहिनी:
नाना, आरोळी छान आहे, पण राळ मुळीच नको. हॉलवाले साधी उदबत्ती लावू देत नाहीत.

बंड्या:
आणि आगगाडीच्या रुळावर माणसाला बांधायचा प्रवेश कुणी कापला? जुन्या अमेरिकन मेलोड्रामाची तीच तर खूण आहे.

सुनंदावहिनी:
मी कापला, लेखन माझ्याकडे आहे. १८६७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तो प्रवेश गाजला, तेव्हा रुळाला बांधलेला पुरुष होता आणि त्याला सोडवणारी बाई होती. आपल्याकडे रुळांऐवजी सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, घेतलंय. सावकार दिनकरला त्यात कोंडतो आणि सुशीला त्याला बाहेर काढते.
पण कालच्या तालमीत सुशीलाने पेवात थेट उडी मारली, ते चालणार नाही. आमचे आजोबा पेव उघडलं की कुणाला लगेच उतरू देत नसत. आधी दोराने कंदील सोडायचे. कंदील विझला की समजायचं, खाली हवा नाही, माणूस गुदमरेल. मी लहानपणी काठावर पालथी पडून तो मिणमिणता उजेड खाली जाताना बघितलाय, छाती धडधडायची. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली. ज्यांनी ती बघितली ती माणसं प्रेक्षकांत असणार. त्यामुळे सुशीलाने कंदील सोडावा आणि लोकांना विचारावं, "विझला का?" थिएटरने ओरडायचं, "नाही!" तीनदा. मगच तिने उतरायचं.

बंड्या:
वहिनी, हे रुळांपेक्षा भारी आहे. दोर मी बघतो.

नाना:
कंदील बॅटरीचा घ्या. आणि पाटी धरायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नको, ठेका चुकतो.

माई:
सगळं खरं, पण कोटाचं काय?

बापू:
हॉलवर जाऊन आलो. खाण्याचं काही आत नेलेलं त्यांना चालत नाही, पण साध्या चुरमुऱ्यांना कसेबसे हो म्हणाले. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा कार्यक्रम आहे, रात्रीच झाडून द्यायचं. म्हणून चुरमुऱ्यांचे पुडे फक्त पहिल्या दोन रांगांना द्यायचे, बाकीच्यांनी ओरडायचं. नाना म्हणतात तसं अन्न वाया नको, झाडलेलं सगळं आमच्या गोठ्यात घालतो. भडंग मध्यंतरात बाहेर, खायला. सहा केरसुण्या आणतोय, झाडायला नावं कळवा. आणि माई, कोट चेक-इनच्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेतून आणा.