मोबाईलच्या ॲपवर तारांखालचं मोजमाप
दादा, कराडकडच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उच्चदाब लाईनखाली, उसाच्या बांधावर मोबाईल ॲपने ४२ मायक्रोटेस्ला (चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) दाखवले म्हणून घाबरू नका. तो आकडा बहुतेक पृथ्वीच्याच चुंबकक्षेत्राचा आहे; लांबच्या माळावर बघा, साधारण तेवढाच येईल. तारांतल्या विजेचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं (५० हर्ट्झ), ते मोजायला वेगळा मीटर लागतो.

एकदा मोजूनही भागत नाही. चुंबकक्षेत्र तारेतल्या करंटप्रमाणे कमी-जास्त होतं, म्हणून शेतीपंप चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा नोंद घ्या. तार सगळ्यात खाली झोळते तिथे जास्त भरेल. विद्युतक्षेत्र मोजताना मात्र मीटर हातात नको, प्लॅस्टिकच्या स्टँडवर ठेवून लांब व्हा. आपल्या अंगानेच आकडा बदलतो.

आयसीएनआयआरपी या किरणोत्सारापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१० ची मर्यादा ५० हर्ट्झच्या चुंबकक्षेत्रासाठी, सामान्य माणसाकरता २०० मायक्रोटेस्ला आहे. तरी पोरं झोपतात त्या खोलीत चोवीस तासांची नोंद घ्याच.