मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या तासिकेत इस्टेचं तिसरं मानक कसं तपासता?

सातवी, ४० मुलं, ६ टॅब, ३५ मिनिटं. इस्टे (ISTE) या शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६च्या विद्यार्थी मानकांतलं तिसरं, म्हणजे माहिती शोधणं, पारखणं आणि जुळवणं, भूगोलाच्या बाईंबरोबर 'दुष्काळ' या विषयावर घेतोय. गटाला स्रोत-पत्रक दिलंय: लेखक, तारीख, दुसऱ्या स्रोताशी मेळ. पहिले दोन रकाने पटकन भरतात, तिसरा कोराच! गूगलचं पहिलं उत्तर वहीत उतरलं की काम संपलं. शिवाय कॅटलॉगमध्ये 'दूष्काळ' असं चुकीचं टाइप केलं की शून्य नोंदी, मग कपाटाकडे कोण वळतंय?

निम्मे गट आधी पुस्तकांवर, निम्मे टॅबवर बसवून १५ मिनिटांनी अदलाबदल केली तर मेळ लागेल का? तिसऱ्या रकान्याला गुण कसे देता? नमुना पत्रक असेल तर कृपया टाका.