एकाच एक्स्टेन्शनवर टेबलफोन आणि मोबाइल, पण वाजतो एकच (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला खळ लावण्याचा कारखाना) दिवाणजी आहे. सुताचा आणि बिमांचा (सूत गुंडाळलेल्या मोठ्या रिळांचा) हिशेब हे माझं काम, पण 'तुम्हाला कॉम्प्युटर जमतो' म्हणून फोनची यंत्रणाही माझ्याच गळ्यात पडली. जुन्या पीसीवर फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, दोन लँडलाइन गेटवेतून (लाइन त्या यंत्रणेला जोडणारी पेटी) आत येतात. एक्स्टेन्शनं, म्हणजे आतले नंबर, सात. १०१ माझं, १०५ मालकांचं.

मालक केबिनमध्ये कमी आणि मशीनपाशी जास्त. म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्या मोबाइलवर एसआयपीचं (वायफायवरून ऑफिसचा फोन चालवणारं) अ‍ॅप टाकलं आणि त्यात १०५ चाच पासवर्ड भरला. वायफाय आवारभर पोचतं. पहिल्या दिवशी मालक खूश.

आता रोज कटकट. व्यापाऱ्याचा फोन आला की मी १०५ ला ट्रान्सफर करतो. कधी टेबलावरचा वाजतो, मोबाइल गप्प. कधी मोबाइल वाजतो, टेबलावरचा मेल्यासारखा. दोन्ही एकदम कधीच नाहीत. मालक म्हणतात, "दिवाणजी, तुम्ही फोन देतच नाही." फोन रीस्टार्ट केला, अ‍ॅप काढून परत टाकलं, स्विचचं पोर्टही बदललं. काय बघू?

खटपट्या: मोबाइलच्या बॅटरी सेव्हरमध्ये अ‍ॅपला सूट दिली आहे का? अँड्रॉइड मागे पडलेलं अ‍ॅप झोपवतो.

दिवाणजी: दिली. पण मग टेबलावरचा का बंद पडतो? त्याला कुठली बॅटरी!

तांब्याची तार: दिवाणजी, आधी एक बघून सांगा. अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर (फ्रीपीबीएक्सच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचा कमांड देण्याचा पडदा) 'पीजेसिप शो काँटॅक्ट्स' ही कमांड द्या. १०५ पुढे किती ओळी दिसतात? मग मालकांना अ‍ॅप बंद करून उघडायला सांगा आणि परत बघा.

दिवाणजी: एकच ओळ. आधी आयपीचा (यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचा) शेवटचा आकडा ४१ होता, म्हणजे टेबलफोन. अ‍ॅप उघडल्याबरोबर ४१ गायब आणि ८७ आला. टेबलफोन रीस्टार्ट केला तर परत ४१. हे काय संगीतखुर्ची चाललंय?

तांब्याची तार: अगदी तेच. खुर्ची एक, बसणारे दोन. एक्स्टेन्शनच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये मॅक्स काँटॅक्ट्स १ असणार. म्हणजे १०५ च्या नावावर एकाच यंत्राची नोंद राहते, नवं आलं की जुनं बाहेर. प्रत्येक यंत्र ठरावीक वेळाने आपली नोंद ताजी करतं. बऱ्याच टेबलफोनांत ही मुदत ३६०० सेकंद असते, अ‍ॅपची बहुधा कमी. ज्याने शेवटची नोंद केली, तो वाजतो. हकालपट्टी झालेल्या टेबलफोनला ते कळतही नाही, पडद्यावर १०५ झळकतच राहतं. म्हणून तुम्ही पोर्ट बदलत बसलात.

खटपट्या: मग २ करा की, विषय संपला.

तांब्याची तार: चालतं, पण मला ते पटत नाही. मोबाइलचा आयपी बदलला की त्याची जुनी नोंद मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहू शकते आणि वर नवी येते. नोंदी झाल्या तीन, जागा दोन. अशा वेळी जिची मुदत सगळ्यात आधी संपणार, ती नोंद उडते, आणि ती नेमकी टेबलफोनची निघाली की परत पहिले पाढे. शिवाय एकच पासवर्ड दोन ठिकाणी. उद्या मोबाइल हरवला तर टेबलफोनचाही बदलायचा.

मोबाइलला वेगळं ११५ द्या. मग १०५ वर फॉलो मी (एका नंबरचा फोन दुसऱ्या नंबरांवरही वाजवायची सोय) चालू करा, यादीत ११५ टाका, स्ट्रॅटेजी रिंगऑल-व्ही२, इनिशियल रिंग टाइम ८. पहिले ८ सेकंद टेबलफोन एकटा वाजेल, नंतर दोन्ही. मालक केबिनमध्ये असले तर खिशात उगाच घंटा नको. लोकांना नवा नंबर सांगायचीही गरज नाही, सगळे १०५ च दाबतील. आणि सबमिटनंतर वरचं लाल 'अप्लाय कॉन्फिग' दाबा. ते विसरून रात्र घालवलेल्यांत मीही आहे.

दिवाणजी: झालं! (लाल बटण विसरलोच होतो, दहा मिनिटं तुमच्यावर मनातल्या मनात चिडलो. माफी असावी.) टेबलफोन वाजला, मी मनात आठ मोजले आणि मशीनपाशी मोबाइल वाजला. मालकांनी तिथूनच हात वर केला.

एक अजून. उचललं नाही तर आत्तापर्यंत फोन व्हॉइसमेलला जात होता, इंग्रजीत बाई बोलते ती. ते बंद करून परत माझ्याकडे १०१ वर आणता येईल?

तांब्याची तार: येईल. आता फॉलो मी चालू आहे, त्यामुळे त्याच पानावर खाली 'नो आन्सर' चं डेस्टिनेशन आहे, तिथे एक्स्टेन्शन १०१ निवडा. व्हॉइसमेल बंद करण्याआधी १०५ वरून स्टार ९७ लावून आत काही आहे का ते ऐका.

दिवाणजी: ऐकलं. एकोणीस निरोप. सतरांत नुसतं हॅलो हॅलो. एकात मागून मशीनचा आवाज येतोय आणि मालकच ओरडतायत, "दिवाणजी, कुठं लावलाय हा फोन?" शेवटचा एका व्यापाऱ्याचा, गेल्या मंगळवारचा: बिमं तयार असतील तर टेंपो पाठवतो म्हणून. त्यांना आत्ता फोन लावतोय.